येलदरीचं पाणी

मोठं पाणी पाहायचं तर मुंबईचं तिकीट काढायचं, असं परभणीत आपण धरूनच चालतो. देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करायचा, सकाळी दादरला उतरायचं आणि मुलांना चौपाटी दाखवायची. मे महिन्याच्या सुटीत किंवा दिवाळीनंतर पुण्या-मुंबईचे पाहुणे घरी आले की उलटा प्रश्न पडतो: यांना इथं न्यायचं कुठं? औंढा नागनाथ होतो, पाथरीला साईबाबांच्या जन्मस्थानाचं मंदिर होतं, गंगाखेडला जनाबाईचं दर्शन होतं. देवदर्शनं संपली की पोरं मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतात आणि आपण म्हणतो, आमच्याकडं पाहण्यासारखं काही नाही.

आहे. जिंतूरच्या पुढं येलदरी आहे. धरण भरून दरवाजे उघडले की वर्तमानपत्रात फोटो येतात, दोन-चार दिवस गाड्यांची रांग लागते आणि मग वर्षभर कुणी तिकडं फिरकत नाही. पोरंबाळं, म्हातारी माणसं आणि डबे घेऊन अख्खा दिवस काढावा अशी पाण्याकाठची जागा आपल्या जिल्ह्यात येलदरीइतकी दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. यंदा डिसेंबरात बहीण पुण्याहून मुलांना घेऊन आली, तेव्हा आईसकट सगळ्यांना गाडीत घातलं आणि निघालो.

परभणी ते जिंतूर हा रस्ता झरी आणि बोरीवरून जातो, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापसाची शेवटची वेचणी चाललेली, तूर पिवळी पडायला लागलेली आणि मधूनमधून पोटरीत आलेली रब्बीची ज्वारी. जिंतुरात चहा घेऊन येलदरीचा फाटा धरला की पंधराएक किलोमीटर राहतात, पण या पंधरा किलोमीटरांत मुलूखच बदलतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा एक फाटा जिंतूरच्या उत्तरेनं गेलेला आहे. सपाट रानाची सवय असलेल्या परभणीकराला इथं पहिल्यांदा घाट लागल्यासारखं वाटतं. माळरान, सीताफळाची झुडपं, साग आणि पळस. फेब्रुवारीच्या अखेरीस आलात तर पळस फुललेला दिसेल आणि वाटेत गाडी थांबवावीच लागेल.

एसटीनंही येता येतं. जिंतूरच्या स्टँडवरून येलदरीकडं जाणाऱ्या गाड्या मिळतात. धरणाजवळच्या वस्तीला सगळे येलदरी कॅम्प म्हणतात. धरण बांधताना इंजिनिअर, कामगार आणि कर्मचारी यांच्यासाठी जी वसाहत उभी राहिली, तिचं हे नाव. कागदोपत्री काहीही असो, कंडक्टरला ‘कॅम्प’ सांगितलं की पुरतं.

कॅम्पवरून वर चढून जलाशय दिसला, तेव्हा धाकटा भाचा एवढंच म्हणाला, ‘मावशी, पलीकडचा काठ कुठंय?’ पलीकडचा काठ होता, पण धुक्यात निळसर रेघ होऊन बसलेला. त्या काठाला हिंगोली जिल्ह्यातला सेनगाव तालुका आहे. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा झाला, त्याआधी दोन्ही काठ परभणीचेच होते. आईच्या बोलण्यात अजूनही सेनगाव ‘आपल्या जिल्ह्यातलंच’ असतं आणि धरणावर उभं राहिलं की तिचं म्हणणं पटतं.

पाणी किती, हे मुलांना सांगायचं तर आकडे लागतात. धरणाची लांबी सव्वाचार किलोमीटरच्या आसपास, उंची एक्कावन्न मीटर. पूर्ण भरलं तर 934 दशलक्ष घनमीटर पाणी मावतं, म्हणजे साधारण 33 टीएमसी. मराठवाड्यात वापरण्याजोग्या साठ्यात जायकवाडी पहिलं, इसापूर दुसरं आणि त्यानंतर येलदरी. मधला भाग दगडी बांधणीचा आणि त्यात सांडव्याचे दहा दरवाजे. दोन्ही बाजूंना मातीचा भराव. पाण्याकडच्या उतारावर दगड रचलेले आहेत. त्याला इकडं सगळे पिचिंग म्हणतात. लाटांनी भरावाची माती धुपू नये म्हणून ते असतं. डिसेंबरात वारा उत्तरेकडून येतो आणि एवढ्या मोठ्या पसाऱ्यावरून येताना लाटा चांगल्या उठतात. पिचिंगवर त्या आपटतात तो आवाज ऐकून पुण्याची मुलं समुद्रच समजली.

हे धरण पूर्णा नदीवर आहे. महाराष्ट्रात दोन पूर्णा आहेत. एक विदर्भातून तापीला जाऊन मिळते. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, जालना आणि बुलढाण्यातून खाली येते आणि पूर्णा गावाच्या पुढं गोदावरीत जाते. हैदराबाद राज्यातून निघून मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता. त्या पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पूर्णा प्रकल्प हाती घेतला गेला आणि 1968 साली येलदरी पूर्ण झालं. त्या पिढीला या धरणाचं काय अप्रूप होतं, ते आईकडून ऐकावं. तिच्या लहानपणी शाळेची सहल म्हणजे येलदरी, असं समीकरणच होतं. वीजघर, दरवाजे हे सगळं मास्तर काठी धरून दाखवायचे.

ती सहल आज आपणच मुलांना घडवावी, कारण इथलं पाणी कसं काम करतं हे पाहणं हा येलदरीला येण्याचा अर्धा आनंद आहे. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे, साडेसात मेगावॉटचे तीन संच, एकूण साडेबावीस मेगावॉट. हल्लीच्या औष्णिक केंद्रांपुढं हा आकडा लहान आहे. पण शेतीला सोडलेलं पाणी जाता जाता वीज देऊन जातं, कोळसा लागत नाही की धूर होत नाही. वीज करून झाल्यावर हे पाणी नदीनंच खाली सिद्धेश्वर धरणात जातं. सिद्धेश्वर औंढा तालुक्यात. येलदरीनं साठवायचं आणि सिद्धेश्वरनं वाटायचं, अशी ही जोडगोळी आहे. शेतीचे कालवे निघतात ते सिद्धेश्वरातून, आणि परभणी, हिंगोली, नांदेड या तिन्ही जिल्ह्यांतली पन्नास हजार हेक्टरांहून अधिक जमीन या पाण्यावर मोजली जाते. वसमतची हळद बाजारात नाव काढते, त्यात पूर्णेच्या कालव्याचा वाटा मोठा आहे.

भाचीला हे सगळं सांगत होते, तेव्हा तिनं विचारलं, ‘मग आजीच्या नळाला येतं ते पाणी कुठलं?’ तेही हेच. पूर्वी येलदरीतून नदीत सोडलेलं पाणी राहटीच्या बंधाऱ्यात अडवून परभणीला यायचं. त्यात बरंच वाटेत मुरायचं. आता येलदरीहून थेट जलवाहिनी आली आहे. सकाळी अंघोळ केली त्या पाण्याचा साठा समोर पसरलेला पाहून मुलं जरा गप्प झाली, आणि भाच्यानं हातातलं कुरकुऱ्याचं पाकीट पाण्यात न टाकता खिशात घातलं. मी एकदाही सांगितलं नव्हतं.

दुपारी खाली मासेमारांच्या धक्क्याकडं गेलो. धक्का म्हणजे उताराची मोकळी जागा, चार-पाच होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी वाळत घातलेली. काही जण तर थर्माकोलचे मोठे तुकडे बांधून त्यावर बसून जाळं टाकतात. पाय दुमडून, हातात फळकुटाचं वल्हं घेऊन ते इतके सहज सरकतात की पाहताना आपलाच तोल जाईल असं वाटतं. एक वयस्क मामा नुकतेच काठाला लागले होते. त्यांच्या टोपलीत कटला, रोहू आणि खाली ओल्या गोणपाटात गुंडाळलेले झिंगे. भाचीनं झिंग्याला बोट लावलं तर तो उडाला आणि ती किंचाळली. मामा हसले. म्हणाले, ‘भिऊ नको बाई, त्येच तुला भिऊ लालंय.’

मी विचारलं, यंदा कसं काय. ‘पानी लई हाय यंदा. पानी लई असलं की मासा सापडना व्हतो. उन्हाळ्यात पानी आकसलं की मग जाळ्याला लागतंय.’ म्हणजे धरण भरल्याचा आनंद सगळ्यांना असतो, पण मासेमाराचा हंगाम पाणी उतरायला लागल्यावर सुरू होतो. जाळं ओढायचं ते पहाटे, कारण ऊन चढलं की मासा खोल जातो आणि बाजारही सकाळचा असतो. जाळ्याच्या आसाचं माप मामांनी बोटांनी दाखवलं. लहान आसाचं जाळं लावलं की बोटाएवढं पिल्लूही अडकतं आणि पुढच्या वर्षी धरण रिकामं होतं. ‘पोटाला लागतंय म्हणून काय बियानं खावं का?’ असं ते म्हणाले.

त्यांच्याकडूनच किलोभर झिंगे आणि एक रोहू घेतला. तिथंच चुलीवर करून देणाऱ्या एका बाईंनी तो रस्सा केला. काळा मसाला, सुकं खोबरं भाजून वाटलेलं, लसूण भरपूर आणि वर लाल तर्री. झिंगे फक्त हळद, मीठ, तिखट लावून तव्यावर परतलेले. कोकणी माणसाला चिंच-कोकमाशिवाय मासा ही कल्पना सहन होत नाही, पण गोड्या पाण्याच्या माशाला हा झणझणीत मराठवाडी रस्साच जमतो. काटे मात्र फार, लहान मुलांना सोडवूनच द्यावेत. आई माळकरी, तिच्यासाठी घरून धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांचं आळण नेलं होतं. दोन्ही पंगती एकाच बाभळीखाली, चटई थोड्या अंतरावर टाकून झाल्या.

डबे घेऊन रानात जेवायला जाणं आपल्याकडं नवं नाही. कार्तिकात आवळीभोजन असतं, मार्गशीर्षाच्या शेवटी वेळ अमावस्येला शेतात सगळं गाव जेवतं, पुढं हुरड्याच्या पार्ट्या सुरू होतात. त्यामुळं येलदरीला कुटुंब घेऊन जायला कुणाला काही शिकवावं लागत नाही. कमी पडतात त्या साध्या सोयी. एवढ्या मोठ्या काठावर बायकांसाठी धड स्वच्छतागृह सापडत नाही, सावली मोजक्या झाडांची, पिण्याचं पाणी घरूनच न्यायचं. नौकाविहार व्हावा असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटतं. पण जीवरक्षक जॅकेट आणि पोहता येणारा माणूस हजर असल्याशिवाय मी माझ्या भाच्यांना होडीत बसवणार नाही, आणि कुणी हौसेनं मासेमाराच्या होडीतून चक्कर मारायला बोलावलं तरी तुम्हीही बसवू नका.

धरणाला जोडून पर्यटन म्हटलं की आपल्याकडं पैठण आठवतं. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर जायकवाडीच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान झालं. रंगीत कारंजी होती, लांबून सहली यायच्या. देखभालीला पैसे कमी पडले आणि ते वैभव ओसरलं. येलदरीला कारंजी नकोत. पन्नास वड-पिंपळ-चिंचा लावून त्या जगवल्या, काठाला एका ठिकाणी पायऱ्या बांधून कठडा केला, स्वच्छतागृह रोज धुतलं गेलं आणि मासे करून देणाऱ्या बायकांना चार पत्र्यांची शेड दिली, तर इथं दर रविवारी परभणी, जिंतूर, सेनगाव, रिसोडची माणसं येतील. त्यात खर्चापेक्षा रोजचं लक्ष जास्त लागतं. झाडं जगवायला तर पाणी समोरच आहे.

सावधगिरीचं बोललंच पाहिजे. पिचिंगच्या पाण्यालगतच्या दगडांवर शेवाळ असतं आणि उतार पाण्याखाली तसाच खोल गेलेला आहे. पहिल्या पावलाला गुडघाभर तर दुसऱ्याला डोक्यावर पाणी. पोहायला उतरू नये. धरणाच्या खाली नदीचं पात्र मोठमोठ्या दगडांचं आणि दिसायला शांत आहे, सेल्फीसाठी तरुण पोरं तिथंच जातात. पण वीजघराचे संच सुरू झाले किंवा दरवाजे उचलले की तेच पात्र बघता बघता भरतं. भोंगा वाजला की वर यायचं, सामान राहिलं तरी चालेल. धरणाच्या माथ्यावर आणि वीजघरात जायला परवानगी लागते. फाटकावरच्या माणसाशी हुज्जत घालू नये, तो त्याचं काम करत असतो.

ऊन कलल्यावर काठानं चालत बॅकवॉटरच्या अंगाला गेलो. इथं पाणी उथळ आहे आणि पक्षी याच बाजूला. वारकरी, म्हणजे काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे, थव्यानं पोहत होते. पाणकावळे पंख पसरून खुंटांवर बसलेले. टिटवीनं आम्हाला पाहून रान डोक्यावर घेतलं. दूर चक्रवाकांची एक जोडी होती. भगव्या रंगाचं हे बदक हिवाळ्यात हिमालय ओलांडून इकडं येतं आणि मार्च-एप्रिलात परत जातं. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर धीर धरून बसा, पक्षी आपणहून जवळ येतात. पाणी उतरत जातं तशी काठाची गाळपेर जमीन उघडी पडते आणि त्या ओलीवर हरभरा नाहीतर टरबूज घेतात. भाच्याला प्रश्न पडला, धरणात शेत कसं? त्याला काठावरच्या ओल्या रेषा दाखवल्या: इथं महिन्यापूर्वी पाणी होतं, इथं पंधरा दिवसांपूर्वी.

या रेषा दरवर्षी एवढ्या वर नसतात. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या वर्षी मराठवाड्यातली बहुतेक धरणं मृतसाठ्याला टेकली होती आणि येलदरीही त्यांत होतं. वरच्या अंगाला बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झालं आहे, संत चोखासागर नावाचं. आता ते भरून वाहिलं तरच खाली येलदरीला जोराचा येवा येतो, नाहीतर मधल्या पाणलोटाच्या पावसावर भागवायचं. म्हणून पावसाळा संपत आला की परभणीतला माणूस आपल्या गावच्या पावसाबरोबर देऊळगाव राजाचा पाऊसही विचारतो. 2020 साली धरण तुडुंब भरलं आणि दरवाजे उघडावे लागले, तेव्हा बघायला माणसं ट्रॅक्टर जुंपून आली होती, आणि कित्येकांनी पाण्यात हळदकुंकू आणि नारळ सोडला.

एका दिवसात येलदरीबरोबर आणखी एकच ठिकाण जोडावं, जास्त नको. माझी निवड नेमगिरीची. जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर टेकडीच्या पोटात जैन गुंफा आहेत. दारं इतकी बुटकी की मोठ्या माणसाला जवळजवळ बसूनच आत जावं लागतं, आणि आत गेल्यावर समोर एकदम पुरुषभर उंचीची मूर्ती. नेमिनाथ, शांतिनाथ आणि लहानशा दगडावर तोललेली पार्श्वनाथाची सर्पफणाधारी मूर्ती. ती पाहून मुलं वाकून वाकून खालचा दगड शोधत होती. शिल्पांची आवड असेल तर मंठा रस्त्यावरचं चारठाणा वेगळा दिवस काढून पाहावं. गोकुळेश्वराचं मंदिर, बारव आणि कोरीव दगडी स्तंभ यांना घाईत पाहणं बरं नव्हे. लोणारचं सरोवरही याच बाजूनं जवळ पडतं. ते उल्केच्या आघातानं झालेलं, खारं पाणी. हे माणसांनी अडवलेलं, गोडं. दोन्ही दाखवलीत तर मुलांना शाळेतला एक धडा वाचायची गरज उरणार नाही.

कधी जावं, हे विचारणाऱ्यांसाठी. दरवाज्यांचं पाणी पाहायचं तर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, वर्तमानपत्रातला साठ्याचा आकडा पाहून. गर्दीची तयारी ठेवून. कुटुंबाला घेऊन निवांत बसायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत रब्बीसाठी कालव्याची पाळी सुरू असली तर वीजघरही चालू असतं आणि खालची नदी वाहती दिसते. मार्चनंतर काठावर उन्हाचा तडाखा असतो, मुलांना नेऊ नये. खाण्याचा बेत माशांचा असेल तर सकाळी दहाच्या आत पोहोचावं, दुपारनंतर चांगला माल उरत नाही. मुक्काम करायचा झाला तर जिंतूर किंवा परभणीत करावा. कचरा परत आणायला एक रिकामी गोणी गाडीत टाकावी. आमची अर्धी भरली होती, आणि त्यात आमचा स्वतःचा कचरा थोडाच होता.

बहिणीनं जाताना पुढच्या सुटीचं विचारलं, तर मुलांनी परस्पर ठरवून टाकलं आहे: पावसाळ्यानंतर दरवाजे उघडले की आजीनं फोन करायचा आणि त्यांनी शनिवारी रात्रीच्या गाडीत बसायचं.